मिठागरं, गटारं आणि फ्लेमिंगो: मुंबईच्या किनाऱ्यावर पक्षी बघण्यामागची गोष्ट

दिवाळीचा फराळ संपत आला की मुंबईत एक ठरलेला मेसेज फिरायला लागतो, "शिवडीला आले का?" कोण आले ते विचारायची गरज नसते. फ्लेमिंगोंचं आता इतकं प्रस्थ झालंय की किनाऱ्यावर पक्षी बघणं त्यांच्यापासूनच सुरू झालं असं कोणालाही वाटेल, पण ते तसे नवखेच, शिवडीच्या चिखलावर मोठ्या संख्येने दिसायला लागले १९९०च्या दशकात. त्याच्या शंभर वर्षं आधीपासून इथे लोक पक्षी बघतायत. आणि गंमत म्हणजे ज्या जागांवर ते बघितले त्यातली जवळपास एकही जागा पक्ष्यांसाठी म्हणून कोणी केलेली नव्हती, कुठे मीठ पिकत होतं, कुठे बंदराचा गाळ साठत होता, कुठे शहराचं सांडपाणी येऊन पडत होतं.

१५ सप्टेंबर १८८३ला भायखळ्याच्या म्युझियममध्ये (आताचं भाऊ दाजी लाड) आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आपली बीएनएचएस, सुरू झाली. सहा गोरे आणि दोन आपले डॉक्टर, एक प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि दुसरे सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. ही दोन नावं शाळेत का सांगत नाहीत कोण जाणे. त्या सहांपैकी एडवर्ड एटकेन हा माणूस मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. जन्म साताऱ्याचा, पुण्यात शिकवलेलं, आणि नोकरी कस्टम्स आणि मीठ खात्यात! त्या नोकरीत तो उरणलाही होता, जिथे आज आपण स्कोप (पक्षी बघायची मोठी दुर्बीण) खांद्यावर टाकून जातो. १९००मध्ये त्याचं मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक आलं.

मिठागर आणि पक्षी हे नातं नीट समजून घेण्यासारखं आहे. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून अडवायचं, मग एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत उन्हाने आटवायचं, की शेवटी मीठ. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने तिथे घोट्याएवढं, वीतभर पाणी असतं, आणि शेकाट्या, गॉडविट, सँडपायपर वगैरे मंडळींना नेमकं तेवढंच लागतं. त्यात ओहोटीला हे पक्षी खाडीच्या उघड्या चिखलावर किडे-शिंपल्या खातात आणि भरतीने चिखल बुडाला की जवळच्या मिठागरात येऊन एका पायावर उभे राहतात. चिखल हे जेवणघर तर मिठागर ही झोपायची खोली, एक गेलं की दुसऱ्याचाही फारसा उपयोग उरत नाही.

तेव्हा पक्षी "बघणं" म्हणजे बरेचदा आधी बंदूक आणि मग बघणं होतं. खेतवाडीत राहणाऱ्या छोट्या सालिमने एअरगनने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी आणि ती घेऊन सोसायटीचे सचिव मिलार्डसाहेब यांच्याकडे जाणं ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, परत सांगत नाही. १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा वाढदिवस आणि ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा, म्हणून राज्यात आता त्या आठवड्यात पक्षी सप्ताह असतो.

बंदुकीची जागा पुढे दुर्बिणीने घेतली आणि तिच्यासोबत पक्ष्याच्या पायात ओळखीसाठी घालायच्या रिंगने. १९५९च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने रिंगिंग मोठ्या प्रमाणावर सुरू केलं, कारण कर्नाटकात गोचिडीमुळे एक ताप पसरला होता आणि त्यात स्थलांतरी पक्ष्यांचा काही हात आहे का ते बघायचं होतं. ॲल्युमिनियमच्या त्या बारीकशा रिंगवर "इन्फॉर्म बॉम्बे नॅट हिस्ट सोसायटी" असं लिहिलेलं असायचं, त्यामुळे बॉम्बे हे नाव पार सैबेरियापर्यंत जाऊन आलंय.

आता फ्लेमिंगो. कच्छच्या रणात वीण, आणि मग डिसेंबर-जानेवारीपासून ठाण्याच्या खाडीत. इथे लेसर (छोटे) फ्लेमिंगो जास्त, ते उलटी चोच पाण्यात घालून निळंहिरवं शेवाळ गाळून खातात आणि त्यातूनच गुलाबी रंग येतो. शेवाळ एवढं का, तर खाडीत गाळ साचत गेला आणि आपण सगळ्यांनी सांडपाणी सोडलं, अभ्यासकही साधारण हेच कारण देतात. हे कौतुकाने सांगावं की लाजेने, मला तरी ठरवता येत नाही. भांडुपचं सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन हा मुंबईतला लाडका बर्डिंग स्पॉट आहे यातच काय ते आलं.

नवीन लोकांना एक सांगतो, नोव्हेंबरात फ्लेमिंगोंची वाट बघत बसू नका, कुरव (सीगल) बघा, ब्लॅक-हेडेड आणि ब्राउन-हेडेड. गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमागे लोक चिप्स आणि गाठ्या टाकतात ना (टाकू नका), तेच. हिवाळ्यात दोन्ही जातींची डोकी पांढरी आणि डोळ्यामागे काळा ठिपका, त्यामुळे घोळ होतोच. पंखांची टोकं बघायची, काळ्या टोकात पांढरे ठिपके आणि डोळा फिकट असेल तर ब्राउन-हेडेड, म्हणजे लडाख-तिबेटकडची पार्टी.

आणि भरतीचं ॲप नसेल तर कोळ्यांचा हिशोब वापरा, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. शिवडीला ऐन ओहोटीत गेलात तर पक्षी पार लांब, ठिपक्याएवढे, त्यामुळे पाणी चढत असताना जा.

कायदा यात बराच उशिरा आला. तिवरं वाचवायचा हायकोर्टाचा आदेश २००५चा, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५चं, साधारण १,६९० हेक्टर, मालवणनंतर राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य, आणि २०२२ला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा. मग जानेवारी २०२४ला शिवडीच्या त्याच चिखलावरून अटल सेतू सुरू झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले. मिठागरं मात्र बहुतेक अभयारण्याच्या बाहेरच राहिली. जमीन खारट होती तोवर कोणाला नको होती, आता सोन्याच्या भावाची झालीये, २०२४मध्येच कांजूर-भांडुप-मुलुंडची अडीचशे एकरांच्या वर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचं केंद्राने मंजूर केलं.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, आपल्याकडे १९८७पासून चालू आहे. मोजायला जाणार असाल तर यंदा फक्त चिखलावर नको, भरतीच्या वेळेला मिठागरांवरही मोजा. आणि जुने बूट घाला.