हँडल, बोळा आणि हीटर प्लग : थंड इंजिन चालू करण्यामागची गोष्ट

जुन्या डिझेल गाडीचे हीटर प्लग (थंड इंजिन पेटावं म्हणून आतली हवा तापवणाऱ्या विजेच्या कांड्या) जळाले की ते बदलायचे की तसेच सोडून द्यायचे, हा वाद कोल्हापूरच्या गॅरेजांत कित्येक वर्षं चालू आहे. सोडून द्या म्हणणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात संपतं : इथं कुठं बर्फ पडतो? बदला म्हणणाऱ्यांना मात्र जरा मागं जावं लागतं, पार शेतातला पंप आणि गुऱ्हाळाचा चरक चालवणाऱ्या ऑइल इंजिनापर्यंत.

आधी थंडीचं बघू. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूर शहरात पहाटे पारा साधारण १४-१५ अंशांवर येतो, कडाक्याच्या वर्षी त्याच्याही खाली. पन्हाळा, गगनबावड्याकडं आणि नदीकाठच्या मळ्यांत गारठा शहरापेक्षा जास्त. युरोपच्या हिशेबानं ही थंडीच नव्हे. पण इथलं इंजिनाचं वर्ष नेमकं याच महिन्यांत भरात असतं. दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळं लागतात, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, उसाची वाहतूक रात्रंदिवस चालते. पावसाळाभर पोत्याखाली झाकून ठेवलेलं इंजिन बाहेर निघतं ते थंडीच्या तोंडावर, आणि ते चालू करायची वेळ असते पहाटेची. त्यामुळं बर्फ नसला तरी थंड इंजिनाची अडचण इथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

तिकडचा जुना इतिहास थोडक्यात असा. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये जी जड तेलाची इंजिनं निघाली त्यांच्या डोक्यावर लोखंडी बल्ब असायचा. तो ब्लो लॅम्पनं चांगला तापवायचा आणि मग चाक फिरवायचं. १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला चाचणी झालेलं डिझेल इंजिन बाहेरून तापवावं लागत नव्हतं, पण ते पहिल्यांदा फिरवायला दाबाच्या हवेची सोय लागायची. पेट्रोल मोटारींना अमेरिकेत १९१२ च्या मॉडेलपासून विजेचा स्टार्टर मिळू लागला. १९३० च्या दशकात विमानांची काही इंजिनं तर काडतूस उडवून फिरवत असत. १९३६ साली जर्मनीत डिझेलवर चालणारी पहिली मोटार विक्रीला आली, तिच्यात हीटर प्लग होते. कोल्हापूरच्या शिवारात मात्र मोटारीच्या आधी पंपाचं इंजिन आलं.

त्या इंजिनाचं मूळ इंग्लंडमधलं, साधारण १९३० चं. उभं, एका सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना जड फ्लायव्हील. पाच अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला ६०० फेरे घ्यायचं, पुढचं सहाचं ६५०. ब्लो लॅम्प न लावता थंड असतानाच चालू होतं, हीच त्याची मोठी जाहिरात होती. मूळ इंजिनात त्यासाठी एक चांगली युक्ती केलेली होती. डोक्यात एक जादा पोकळी असे आणि बाहेर एक छोटं चाक. चालू करताना ते चाक आवळलं की पोकळी बंद व्हायची, हवेला जागा कमी पडायची, दाब वाढायचा आणि दाबाबरोबर उष्णता. इंजिन गरम झालं की चाक सैल करायचं.

पुढं याच धाटणीची इंजिनं देशात ठिकठिकाणी होऊ लागली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आधी सुटे भाग ओतले गेले, मग अख्खी इंजिनं उभी राहिली. इथला फाउंड्रीचा धंदा वाढला तो बऱ्याच अंशी या मागणीवर. देशी इंजिनांत ती जादा पोकळी आणि तिचं चाक बहुतेक ठिकाणी गळलं. कुणी चेंबर (डोक्यातली डिझेल पेटण्याची वेगळी पोकळी) ठेवून चाकाची जागा बुजवली, कुणी चेंबरच काढून डिझेलचा फवारा थेट पिस्टनवर सोडला. इंजिन स्वस्त झालं, दुरुस्ती सोपी झाली, आणि फवारा थेट असेल तिथं डिझेलही कमी लागू लागलं. या जमेच्या बाजू खऱ्याच आहेत. पण थंडीतल्या पहिल्या भडक्यासाठी केलेली सोय गेली आणि ते काम माणसाच्या दंडावर आलं.

हँडल मारणं हे नुसतं ताकदीचं काम नव्हतं. डिकंप्रेशनची कळ उचलली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि फ्लायव्हील हलकं फिरतं. सात-आठ फेऱ्यांत वेग धरला की कळ पाडायची. मग फ्लायव्हीलचा जोर पिस्टनला दाबातून ओढून नेतो, आणि पेटलं तर इंजिन ठोके देऊ लागतं. सगळं अवलंबून असतं ते वेगावर. पिस्टन सावकाश चढला तर हवा पिस्टनच्या रिंगांतून निसटते, उरलेली ऊब थंड लोखंड शोषून घेतं आणि डिझेल पेटायला लागणारं २५० अंशांच्या आसपासचं तापमान गाठलंच जात नाही. म्हणून पहाटे इंजिनापाशी दोघं लागत, एक हँडलला आणि एक कळीला. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटमध्ये गरम पाणी ओतायचं, हवेच्या वाटेनं थोडं इंजिन ऑइल सोडायचं, हे उपाय सगळ्यांना ठाऊक होते. ऑइल सोडण्याला अडाणी उपाय म्हणायचं कारण नाही. काही इंग्रजी इंजिनांना हवेच्या मार्गावर त्यासाठी कारखान्यातूनच छोटी वाटी बसवलेली असे. ते तेल रिंगांच्या फटी भरून काढतं आणि दाब वाढवतं.

यातला धोका मात्र फार कमी वेळा कागदावर आला. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. कारण वेग यायच्या आत कळ पडली तर चाक उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. दुसरी गोष्ट हँडलच्या खाचेची. इंजिनानं वेग घेतला की खाचेच्या उतरत्या कडेवरून हँडल आपोआप सुटून हातात यायला हवं. ही कड झिजली, तिला बुर आली किंवा ती सुकी राहिली की हँडल शाफ्टवरच अडकतं आणि इंजिनाबरोबर गरगरत राहतं. तेव्हा पळण्याखेरीज इलाज नसतो. धोतराचा सोगा किंवा उपरणं त्यात गेलं तर काय होतं ते लिहायला नको. बॅटरी आणि स्टार्टर परवडत नव्हता, हे कारण त्या काळी दिलं गेलं आणि ते बरोबरही होतं. पण ती जादा पोकळी काढताना आणि हँडलची खाच हलक्या लोखंडात ओतताना जे पैसे वाचले, त्यांची किंमत हँडल मारणाऱ्यानं मोजली.

गावोगाव वीज पोचली तसे पंप मोटारीवर गेले, गुऱ्हाळाच्या चरकालाही मोटार लागली. ऑइल इंजिनाची मागणी ओसरली आणि फाउंड्र्या वाहनांच्या भागांकडं वळल्या. थंड इंजिनाचा प्रश्न मळ्यातून निघून रस्त्यावर आला.

ट्रॅक्टरांत तो फारसा जाणवला नाही. काहींच्या मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवर) एक छोटं साधन असतं. विजेनं कॉइल तापते, त्या उष्णतेनं आतला व्हॉल्व्ह उघडून डिझेलचे थेंब येतात, कॉइलवर पेटतात आणि आत जाणारी हवा गरम करतात. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायची आपल्याकडची पद्धत तत्त्वानं हीच, फक्त तिला माप नाही आणि अडसर नाही. ऑइल बाथ (तेल भरलेल्या) क्लीनरपाशी जाळ नेऊन गाडी पेटवून घेतल्याचे किस्से ट्रकवाल्यांकडं भरपूर मिळतील. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा (चटकन पेटणाऱ्या द्रवाचा) फवारा मारणं तर त्याहून वाईट. ते लाल टोकावर वेळेआधीच पेटतं आणि पिस्टन फोडू शकतं.

आता मूळ वादाकडं येऊ. १९८० आणि ९० च्या दशकांत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं वडाप, म्हणजे खासगी गाड्यांतली भाड्याची प्रवासी वाहतूक, वाढलं. जीप, कमांडर, ट्रॅक्स या गाड्या दाटीवाटीनं माणसं भरून वाड्यावस्त्यांवर धावू लागल्या, आणि पहिली खेप पहाटेची असायची. या गाड्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी इंजिनं दोन जातींची होती. कमांडरवर कुठं डीआय लिहिलेलं असे, कुठं डीपी. डीआय म्हणजे थेट फवाऱ्याचं इंजिन. डीपी म्हणजे फ्रेंच बनावटीच्या इंजिनावरून घेतलेलं, डोक्यात वेगळं चेंबर असलेलं. ट्रॅक्सचं जर्मन मूळचं इंजिनही चेंबरचंच.

हा फरक बहुतेक चर्चेत सुटतो आणि तिथंच सगळा घोळ होतो. चेंबरमध्ये हवा अरुंद वाटेनं एका छोट्या पोकळीत घुसते. हवा थोडी आणि तिला वेढणारं धातूचं अंग मोठं, त्यामुळं ती दाबली जात असतानाच ऊब गमावते. थेट फवाऱ्यात पिस्टनवरच्या एकाच वाटीत काम होतं, ऊब टिकते. ढोबळ ठोकताळा असा, की चेंबरचं इंजिन थंड असेल तर चेंबरच्या बनावटीनुसार बाहेर ४० ते २० अंशांखाली त्याला हीटरची मदत लागू शकते, थेट फवाऱ्याच्या इंजिनाला ती शून्याखाली लागते. म्हणजे कोल्हापूरची १५ अंशांची पहाट डीआयला उबदार असते आणि डीपीला थंड. ट्रॅक्ससारख्या गाडीला तर मे महिन्यातली पहाटही इंजिन रात्रभर उभं राहिलं असेल तर थंडच. बर्फ पडतो की नाही, याचा इथं संबंध येत नाही.

पण अनुभव उलटा सांगायचा. ज्या ड्रायव्हरचे हात आधी डीआयवर बसले होते त्यानं कधी हीटर मारलाच नव्हता. तो डीपीवर आला की त्याला हीटर फालतू वाटायचा. शिवाय दिवसभर फिरलेलं इंजिन हीटरशिवाय सहज चालू व्हायचं. मग हीटर जळले तरी कुणी बघायचं नाही, रात्री गाडी उतारावर लावायची आणि पहाटे ढकलून चालू करायची. जुन्या धाटणीचे प्लग उघड्या कॉइलचे आणि एकामागं एक जोडलेले असायचे. दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की माळ विझते, तसा एक प्लग जळाला की चारही थंड. त्यामुळं हीटर सारखे बिघडतात, ही समजूत पक्की झाली. नंतर पेन्सिलीसारखे बंद टोकाचे प्लग आले, आत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी आणि प्रत्येकाला स्वतंत्र वीज. एक गेला तरी तीन चालतात. तोपर्यंत हीटरचं नाव खराब झालेलं होतं.

आणखी एक गट पुश बटणवाल्यांचा. हीटरची वीज चालू-बंद करणारा टायमर आणि रिले बिघडला की तो महाग पडतो, म्हणून बॅटरीतून जाड वायर काढून डॅशबोर्डखाली बटण बसवायचं. ड्रायव्हर बटण दाबून धरतो, मनात आकडे मोजतो आणि मग चावी फिरवतो. ही सोय उपयोगी आहे, हे मान्य करायला हवं. अडचण ती दाबणाऱ्या बोटाची. पेन्सिल प्लगचं टोक ८००-९०० अंशांपर्यंत जातं. जुन्याला त्यासाठी वीस-तीस सेकंद लागतात, नव्याला थोडेच. सवयीनं दोन्हींना सारखंच धरलं तर नव्याचं टोक फुगतं, तडकतं आणि कधी तुटून चेंबरमध्ये पडतं. मग हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, उतरवावं लागतं आणि दोष पुन्हा हीटरवर जातो.

माझ्या मते सोडून द्या म्हणणाऱ्यांचा हिशेब अपुरा आहे. हीटर नसला की स्टार्टर दुप्पट-तिप्पट वेळ फिरतो आणि शेकडो अँपिअर ओढतो. चार प्लग मिळून त्याच्या मानानं बरेच कमी घेतात. न पेटलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, रिंगा झिजतात, दाब उतरतो, आणि दाब उतरला की हीटरची गरज आणखी वाढते. पहाटे वडापच्या थांब्यावर डोळे झोंबवणारा जो पांढरा धूर कोंडून राहायचा तो याच न पेटलेल्या डिझेलचा. तपासणी तर अगदी सोपी आहे. प्लगवरची जोडपट्टी काढायची, बॅटरीच्या प्लसला लावलेल्या १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचं दुसरं टोक एकेका प्लगला टेकवायचं. दिवा लागला तर प्लग बरा, नाही लागला तर तोच एक बदलायचा.

१९९८ च्या शेवटी आलेल्या देशी छोट्या डिझेल कारनं हीटरचा पिवळा दिवा घरोघरी नेला. तीही चेंबरचीच होती. पुढं कॉमन रेल (जास्त दाबानं, विजेच्या नियंत्रणाखाली डिझेल फवारायची पद्धत) आलं, सगळी इंजिनं थेट फवाऱ्याची झाली आणि ठोकताळ्यानुसार हीटर इथून हद्दपार व्हायला हवा होता. झालं उलटं. धुराचे नियम कडक होत गेले, १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, आणि हीटरचं काम बदललं. आता तो चालू करण्यापुरता राहिला नाही. इंजिन सुरू झाल्यावरही काही वेळ तापलेला राहून तो पहिल्या मिनिटांतला धूर आणि खडखड कमी करतो. किती तापायचं ते कंट्रोलर ठरवतो. बटण बसवायला जागाच उरलेली नाही, आणि प्लग मेला तर गाडी चालू होते पण मीटरवर दिवा येतो.

गॅरेजमधला आजचा वाद म्हणूनच वेगळा आहे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वर्षानुवर्षं बसलेला लोखंडी प्लग काजळीनं आणि गंजानं धरतो. थंड इंजिनावर पाना लावून जोर केला की तो आतच तुटतो आणि काही शेंच्या प्लगपायी हेड उतरवायचा खर्च येतो. इंजिन गरम करून, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून, टॉर्कच्या पान्यानं सावकाश काढणारे मेकॅनिक आहेत, आणि मीटरवरचा दिवा बंद करून देणारेही आहेत. वडापच्या काळातले दोन्ही पक्ष पुन्हा समोरासमोर आले आहेत, आणि या खेपेला बर्फाचा मुद्दा कुणी काढत नाही.