'रुळला हो' म्हणतात तेव्हा: आईबापांना वॉर्डाबाहेर ठेवायच्या दिवसांची गोष्ट

जूनमध्ये प्लेग्रुपच्या दाराशी रोज सकाळी काय चालतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मूल आईची ओढणी घट्ट धरून असतं, बाई म्हणतात तुम्ही निघा हो, तुम्ही दिसलात की जास्त रडतो, चार दिवसांत रुळेल, आणि मग कोणीतरी त्याला खिडकीतली कबुतरं दाखवतं तेवढ्यात आई मागच्या मागे निघून जाते. मीही तशीच निघून गेले. पाचव्या दिवशी बाईंचा मेसेज आला, आज अजिबात रडला नाही, रुळला. इतकं बरं वाटलं मला. पण त्या दुपारी घरी आला तो माझ्याकडे न बघता सरळ आजीच्या खोलीत गेला, आणि रात्री झोपेत माझा गाऊन मुठीत धरून होता, बोटं सोडवायला गेलं की दचकायचा.

तेव्हापासून मी ह्या 'रुळला' शब्दाच्या मागे लागलेय. वाचता वाचता कळलं की नेमक्या ह्याच शब्दावरून ब्रिटनमध्ये कितीतरी वर्षं डॉक्टर, नर्सेस आणि मानसतज्ज्ञ ह्यांच्यात वाद झाला, आणि तो शाळेवरून नाही तर हॉस्पिटलवरून झाला. जवळ घ्या, सांगून जा, रडू द्या, हे जे आज मुलांच्या बाबतीत आपण सहज बोलतो, त्यातलं बरंचसं त्या वादातून आलेलं आहे.

१९४९ साली लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलांमधल्या मुलांच्या वॉर्डातल्या भेटीच्या वेळा एका साप्ताहिकात छापून आल्या होत्या. गाइज हॉस्पिटल, रविवारी २ ते ४. सेंट बार्थोलोम्यूज, बुधवारी २ ते साडेतीन. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाही, फक्त संध्याकाळी ७ ते ८ मध्ये मूल झोपलेलं असताना बघून जायचं. वेस्ट लंडनमध्ये भेट नाहीच. आणि लंडन हॉस्पिटलमध्ये ३ वर्षांखालच्या मुलांना आईबापांनी पार्टिशनमधून बघायचं, जवळ जायचं नाही. मला ते पार्टिशन डोळ्यासमोरून जात नाही. दीड-दोन वर्षांचं पोर, ताप भरलेलं, आणि आई चार हातांवर उभी राहून बघतेय.

हे दुष्टपणाने चाललं होतं असं मात्र नाही, आणि हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. अँटिबायोटिक्स येण्याआधीच्या काळात घटसर्प किंवा स्कार्लेट फीवर एकदा वॉर्डात शिरला की एकामागून एक मुलं दगावायची, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या माणसाची भीती खरीच होती. शिवाय सिस्टर लोकांचा रोजचा अनुभव होता की आई भेटून गेली की मूल आकांत करतं, त्याचं बघून शेजारचं रडतं, सगळा वॉर्ड विस्कटतो, आणि आई आली नाही तर आठवड्याभरात सगळं शांत होतं. म्हणजे भेटीनेच त्रास होतो, असा हिशोब झाला. वरून तज्ज्ञांचाही पाठिंबा होता. अमेरिकेत जॉन वॉटसन नावाच्या मोठ्या मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये पालकांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात सल्ला काय तर मुलांना मिठ्या मारू नका, पापे घेऊ नका, सकाळी उठल्यावर हात मिळवा. पेनिसिलिन आलं, साथींची भीती कमी झाली, तरी भेटीचे नियम तसेच राहिले, कारण वॉर्ड शांत असायचा ना.

त्या शांततेवर शंका घेतली ती जेम्स रॉबर्टसन ह्या माणसाने. स्कॉटलंडचा, कामगार घरातला, डॉक्टर वगैरे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये बालमानसतज्ज्ञ ॲना फ्रॉइड बॉम्बहल्ल्यांनी बेघर झालेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या, तिथे हा बॉयलर सांभाळायला लागला. तिथली पद्धत अशी की स्वयंपाकघरातल्या माणसापासून सगळ्यांनी मुलांचं जे दिसेल ते कार्डांवर लिहून ठेवायचं. तिथे तो बघायला शिकला. १९४८ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक ह्या मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी ह्या मानसोपचारतज्ज्ञाने त्याला कामावर घेतलं आणि हॉस्पिटलच्या वॉर्डात मुलं बघायला पाठवलं.

त्याला दिसलं ते असं. पहिल्यांदा मूल जीव तोडून रडतं, दाराकडे बघत राहतं, येईल त्या सिस्टरला ढकलतं. मग ते खचतं, आवाज कमी होतो, मुसमुसत पडून राहतं. आणि मग तिसरा टप्पा, मूल खायला लागतं, हसतं, कोणाच्याही मांडीवर बसतं, आणि आई आली की तिच्या पिशवीत खाऊ काय आणलाय ते बघतं पण तिच्याकडे बघत नाही. वॉर्डात ह्याला रुळणं म्हणायचे. रॉबर्टसन म्हणाला हे रुळणं नाही, ह्याने आशा सोडली आहे.

कोणी ऐकेना. मग त्याने कॅमेरा घेतला, यापूर्वी कधी हातात धरलेला नसताना. वेटिंग लिस्टमधून एक मुलगी निवडली, लॉरा, अडीच वर्षांची, बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन, ८ दिवस. निवडक रडणं दाखवलं असं कोणी म्हणू नये म्हणून रोज ठरलेल्या वेळीच शूटिंग केलं आणि भिंतीवरचं घड्याळ फ्रेममध्ये ठेवलं. लॉरा मोठ्याने रडणारी नव्हतीच, त्या वयाच्या मानाने फार आवरून धरणारी होती. म्हणूनच बघवत नाही. टेडीला घट्ट धरून बसते, चेहरा ताणून हुंदका गिळते, मधेच अगदी साध्या आवाजात विचारते आई कुठेय. घरी न्यायला आई येते तेव्हा ती आपलं सगळं सामान गोळा करते पण आईचा हात धरत नाही.

१९५२ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा सिनेमा दाखवला आणि डॉक्टर-नर्सेस भयंकर चिडले. आमच्या पेशाची बदनामी केली, ही मुलगीच वेगळी आहे, आमच्या वॉर्डात असं नसतं. त्या चिडलेल्यांत डर्मॉड मॅकार्थी नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. तेही रागावूनच परत गेले, पण नंतर स्वतःच्या वॉर्डात फिरताना त्यांना तेच चेहरे दिसायला लागले, आणि त्यांनी ॲमरशमच्या आपल्या वॉर्डात आयांना मुलांजवळ राहायची परवानगी दिली. रॉबर्टसनचा पुढचा सिनेमा १९५८ मध्ये त्यांच्याच वॉर्डात झाला. मला ह्या सगळ्या इतिहासात हा माणूस फार मोठा वाटतो. खरं तर न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स हे डॉक्टर १९२० च्या दशकापासूनच आयांना बाळांबरोबर ठेवून घेत होते आणि काही बिघडलं नव्हतं, पण एकाचं बघून दुसऱ्याने करायला तीस वर्षं गेली.

लॉराची एक गोष्ट राहिली. काही महिन्यांनी घरी हा सिनेमा चालू असताना तिने अचानक तो बघितला, आणि रडत आईवर ओरडली, तू तेव्हा कुठे होतीस? आणि बापाच्या कुशीत शिरली. तोवर घरच्यांना वाटत होतं ती विसरली.

इकडे बोल्बीने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, की लहान मुलाला आपल्या माणसाची सलग ऊब मिळणं ही मनाच्या आरोग्याची गरज आहे, लाड नाहीत. पुढे हॅरी हार्लो ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे माकडांवरचे प्रयोग १९५८ मध्ये आले, दूध देणारी तारेची आई आणि दूध न देणारी मऊ कापडाची आई, पिल्लं कापडाच्या आईलाच बिलगून राहायची. त्या पिल्लांचे फार हाल झाले, ते वाचवत नाही, पण मुलाला फक्त पोट असतं हा समज तिथे मोडला.

बोल्बीच्या लिखाणाचा एक वाईट वापरही झाला आणि तो अजून चालू आहे. आई नोकरीला गेली की मूल बिघडलं, असं त्याचं नाव पुढे करून बायकांना ऐकवलं गेलं. पण त्याचीच सहकारी मेरी एन्सवर्थ १९५४ च्या सुमारास युगांडात बाळांचा अभ्यास करत होती आणि तिथे बाळं आईबरोबर इतरांनाही जीव लावताना तिने बघितली. १९७२ मध्ये मायकल रटर ह्या ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञाने सगळा पुरावा परत तपासला आणि सांगितलं की थोडा वेळ दूर राहणं आणि प्रेमाचं माणूसच नसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे आजी आहे, बाबा आहे, आणि मी नोकरी करते. त्यामुळे हा भाग मी दोनदा वाचला.

१९५९ मध्ये हॉस्पिटलातल्या मुलांसाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्लॅट कमिटीचा अहवाल आला, मुलांना कधीही भेटू द्या, लहान मुलांच्या आयांना राहू द्या. सरकारने मान्य केला आणि हॉस्पिटलं ढिम्म. मग १९६१ मध्ये रॉबर्टसनच्या सिनेमातले भाग टीव्हीवर दाखवले गेले, त्यानंतर लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी संघटना काढली, जागोजागच्या हॉस्पिटलांच्या मागे लागल्या, आणि दारं हळूहळू उघडली.

आपल्याकडे मुलाजवळ कोणीतरी राहतंच, कारण सिस्टर कमी आणि डबा, औषधं, सॅम्पल सगळं नातेवाइकांनीच आणायचं. मुलाच्या मनासाठी म्हणून तो नियम झालेला नाही, पण मुलाला आई मिळते. जिथे मिळत नाही ती जागा म्हणजे काचेच्या पेटीचा विभाग, कमी वजनाची बाळं. तिथेही बदलायला लागलंय. १९७८ मध्ये कोलंबियात पेट्या कमी पडल्या म्हणून बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात झाली, आणि २०२१ मध्ये छापलेल्या पाच देशांच्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल होतं, जन्मल्यापासून लगेच छातीशी ठेवलेल्या छोट्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे आईच अतिदक्षता विभागात आत. जंतूंच्या भीतीने जिला सत्तर वर्षांपूर्वी पार्टिशनमागे उभं केलं होतं तीच.

हे सगळं वाचून झाल्यावर मी प्लेग्रुपच्या बाईंना विचारलं, मी आठवडाभर आत कोपऱ्यात बसले तर चालेल का. त्या आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या बसा. चार दिवस बसले. पाचव्या दिवशी त्याला सांगितलं मी जाते, पोळी-भाजी खाऊन झाली की येते. जोरात रडला. दारातून वळून बघितलं तर रडत रडत बाईंच्या कडेवर चढला होता, तोंड त्यांच्या खांद्यात खुपसून.