खांदा मंडळीचा

सोलापुरात मराठी ख्रिस्ती घरातले कुणी गेले, की पहिला निरोप चर्चच्या पाळकसाहेबांना जातो, दुसरा मंडळीतल्या, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांतल्या, वडीलधाऱ्यांना. गावाकडच्या भावकीला कळवायचे ते त्यानंतर. हा क्रम असा का पडला, ते समजायला दीडशे वर्षे मागे जावे लागते.

अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेने १८१३ साली मुंबईत काम सुरू केले, १८३१ मध्ये अहमदनगरला. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये पोचली आणि त्याच दशकात मिशनचे ठाणेही इथे आले. पुढे १८७६-७८ च्या दुष्काळाने जिल्हा होरपळला. त्या काळात आणि नंतर मंडळीत आलेल्यांपैकी बरेच जण महार-मांग समाजांतले. बाप्तिस्मा घेतला की भावकीशी बिनसायचे. पंगत बंद, सोयरीक बंद. त्यावाचून माणूस वर्षानुवर्षे काढतो; मेल्यावर मात्र खांद्याला चार माणसे लागतातच, खड्डा खणायला आणखी दोन. ती मंडळीने दिली. माझ्या मते ‘मंडळी’ या शब्दाला खरा अर्थ प्रवचनातून आला नाही, या खांद्यातून आला.

दफन मात्र सोलापूरला परके नव्हते. या शहराचे ग्रामदैवत सिद्धेश्वर स्वतः समाधिस्थ. लिंगायत मृतदेह बसवून पुरतात, मुसलमान कबरीत ठेवतात, आणि सरपण परवडत नसलेल्या जातींतही मातीच दिली जाई. मराठीत ‘मूठमाती’ हा शब्द मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तेव्हा ‘मिशनऱ्यांनी पुरायला शिकवले’ हे म्हणणे निदान इथे तरी टिकत नाही.

नवे होते ते पुढचेच. सुतक नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणे नाही, दहावा-तेरावा नाही. प्रॉटेस्टंट शिकवणीत मेलेल्यासाठी प्रार्थनाही नाही. प्रार्थना करायची ती मागे राहिलेल्यांसाठी. कॅथलिकांचे वेगळे. ते मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली वेदीवरची उपासना, अर्पण करतात, २ नोव्हेंबरला कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. दहनालाही रोमने १९६३ मध्ये मुभा दिली, पण मन अजून मातीकडेच ओढते.

दहावा-तेरावा गेला, तरी त्या दिवसांची पोकळी उरलीच. शोकाला दिवस मोजून हवे असतात. ती जागा सांत्वन प्रार्थनेने घेतली, वर्षाने होणाऱ्या स्मरणाच्या उपासनेने घेतली. काही घरांत तिसऱ्या दिवशी फुले घेऊन कबरीवर जातात. विचारले तर येशू तिसऱ्या दिवशी उठला म्हणून, असे सांगतात. आजी असेल तर हळूच ‘सावडणे’ हा शब्दही निघतो. दोन्ही उत्तरे खरी मानायला माझी हरकत नाही. रडण्याचेही तसेच. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो. बायका तरी हंबरडा फोडतातच. मग कोपऱ्यातून कुणीतरी गीत उचलते, पेटी आणि टाळ साथीला येतात, आणि हंबरड्याला हळूहळू चाल लागते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ती भजनाला अभंगाचे वळण दिले, त्याचा उपयोग अशा वेळी कळतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. लग्नाला १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा, वारसाला १९२५ चा उत्तराधिकार कायदा. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार धर्मांतरित ख्रिस्ती अनुसूचित जातींत मोडत नाहीत. त्यामुळे कागदावर एक आणि उपासनेत दुसरे, अशी घरे आहेत. हयातीत ते निभावते. मरणाच्या दिवशी मात्र कबरस्तान की गावची स्मशानभूमी, हे तासाभरात ठरवावे लागते, आणि जुने भांडण अंगणातच उभे राहते. अशा वेळी पाळकाला बायबलपेक्षा दोन्हीकडच्या मामा-काकांची जास्त माहिती असावी लागते.

इथली माती काळी. उन्हाळ्यात कुदळ आत शिरत नाही, पावसाळ्यात खड्ड्याच्या कडा ढासळतात. शवपेटी दोरांवरून खाली सुटते, पाळक ‘मातीला माती’ म्हणतात, आणि आधी घरचे, मग मंडळी एकेक मूठ टाकतात. परतल्यावर त्या घरी चूल पेटत नाही. मंडळीतल्या बायका पिठले, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन येतात. कडू घास म्हणतात त्याला, आणि तो भरवल्याशिवाय कुणी उठत नाही.