तेव्हाचे मन आणि आजचे मन

‘याला येरवड्याला पाठवा’ असे पुण्यात कोणी म्हटले, तर तुरुंगात की मनोरुग्णालयात, हे संदर्भावरून ओळखावे लागते. दोन्ही तिथेच आहेत. मनोरुग्ण आरोपीविषयी कायदा दोन वेगळे प्रश्न विचारतो आणि त्यांचीही अशीच गल्लत होते.

पहिला प्रश्न कृत्याच्या क्षणापुरता आहे. त्या वेळी मनोविकारामुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे ज्याला कळतच नव्हते, त्याचे कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार (पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ८४) अपराध ठरत नाही. आजाराचा जुना केसपेपर त्यासाठी पुरेसा नसतो. शिवाय असा आरोपी निर्दोष ठरला तरी थेट घरी जाईलच असे नाही; न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवू शकते किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या स्वाधीन करू शकते.

दुसरा प्रश्न आजचा आहे: समोर चाललेला खटला आरोपीला समजतो का, स्वतःचा बचाव त्याला करता येतो का? उत्तर नकारार्थी असेल, तर फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ व ३६८ खाली कामकाज तहकूब होते आणि दोषाचा निर्णय लांबतो. कृत्याच्या वेळी पूर्ण शुद्धीत असलेला माणूसही कोठडीत या अवस्थेला पोहोचू शकतो. गजबजलेली बराक, तुटलेली झोप, तुरुंग बदलताना मागे राहिलेल्या औषधाच्या गोळ्या. कानात आवाज ऐकू येणारा बंदी गिनतीच्या वेळी ओ देत नाही, तो उर्मटपणा समजला जातो, त्याला एकटे ठेवले जाते आणि एकटेपणात ते आवाज वाढतात.

माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक घातक आहे, कारण आरोपी बरा झाल्याचे न्यायालयाला कोणीतरी कळवल्याशिवाय तो मिटत नाही. आसाममधील मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये गंभीर दुखापतीच्या आरोपावरून अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचे कळवले, तेव्हा त्यांची रवानगी पुन्हा तुरुंगात झाली. २००५ मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर ते सुटले. ५४ वर्षांत खटला चाललाच नाही, त्यामुळे त्यांनी ती दुखापत केली होती का, आणि केली असल्यास त्या वेळी त्यांचे मन ठिकाणावर होते का, हे कोणत्याही न्यायालयाने तपासले नाही.