पित्ताचा स्टेंट आणि स्वादुपिंडाच्या पाण्याचा स्टेंट: ‘मेटल टिकतो’ हे दोन्हीकडे लावू नका

‘मेटलचा टाकलाय ना, मग टेन्शन नाही, प्लास्टिकचाच तीन महिन्यांत बदलावा लागतो.’ पित्ताच्या नळीतल्या स्टेंटबद्दल हे ठीक आहे. स्वादुपिंडाभोवती साठलेलं पाणी काढायला जो स्टेंट टाकतात त्याचं मात्र बरोब्बर उलटं असतं, तरी हेच वाक्य दोन्हीकडे चिकटवलेलं दिसतं, आणि नुसत्या नातेवाइकांकडून नाही, मेडिकल फील्डमधल्यांकडूनही.

पित्ताचं सगळ्यांना माहितीये. कावीळ, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीपर्यंत जाणं), नळीत स्टेंट, तो गाळाने बुजला की थंडी-ताप आणि परत कावीळ. तिथं स्टेंटची पोकळी हीच वाट असते, म्हणून रुंद मेटल जास्त चालतो. झालं.

आता दुसरा. पॅन्क्रियाटायटिसनंतर (स्वादुपिंडाला सूज) साधारण चार आठवड्यांनी साठ्याभोवती भिंत धरते. आत नुसतं पाणी असेल तर स्युडोसिस्ट, मेलेल्या टिश्यूचे तुकडे असतील तर वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने (दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी) बघत बघत जठराच्या भिंतीतून साठ्यात भोक पाडतात आणि ते मिटू नये म्हणून स्टेंट ठेवतात. एकतर दोन्ही टोकं गोल वळलेले प्लास्टिकचे (10 फ्रेंचचा म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिमीटर जाड, म्हणून बऱ्याचदा दोन टाकतात), नाहीतर लॅम्स, म्हणजे डमरूच्या आकाराचा जाळीदार मेटल स्टेंट, 10, 15 किंवा 20 मिलिमीटर रुंद.

प्लास्टिकची पोकळी बुजली तरी आत पातळ पाणी असेल तर फारसं बिघडत नाही, कारण पाणी स्टेंटच्या बाजूनेही वाहतं, स्टेंटचं काम फक्त भोक उघडं धरायचं. साठा आटला की तो मऊ असल्यामुळे वाकतो, थोडा सरकतो, कुणाला टोचत बसत नाही. लॅम्स सहसा जागचा हलत नाही, त्याच्या दोन रुंद कडा दोन्ही भिंती घट्ट धरून ठेवतात आणि सुरुवातीला हाच त्याचा गुण असतो. पण साठा आटत जातो तशी पलीकडची भिंत पुढे येते आणि थेट आतल्या धातूच्या कडेला टेकते. तिथून प्लीहेची धमनी जात असेल तर कड तिच्यावर घासत राहते, धमनीला कमकुवत फुगा येतो (स्युडोअॅन्युरिझम) आणि तो फुटला की रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, हिमोग्लोबिन खाली. नाहीतर जठराचं अस्तर कडेवर वाढतं आणि स्टेंट आत गाडला जातो, मग काढताना दमछाक.

म्हणजे उपचार फसल्यामुळे नाही, उपचार लागू पडल्यामुळे हे कॉम्प्लिकेशन होतं! पेशंट जेवायला लागलेला असतो, ताप गेलेला असतो, म्हणून घरचे म्हणतात पुढच्या महिन्यात जाऊ, आणि नेमका तोच महिना धोक्याचा.

2019 मध्ये ऑर्लँडोच्या टीमने 60 पेशंटांवर दोन्ही स्टेंट ताडून बघितले. तीन आठवड्यांनंतर लॅम्सवाल्यांत असले त्रास दिसायला लागले म्हणून चालू अभ्यासातच नियम बदलावा लागला, की तीन आठवड्यांनी सीटी करायचा आणि साठा आटला असेल तर लॅम्स काढायचा. युरोपियन गाइडलाइनही चार आठवड्यांच्या आत काढा म्हणते.

रक्तस्रावातही लोक घोळ घालतात. टाकताना किंवा लगेच झालेला बहुतेकदा भोकाच्या जागेचा असतो, पण काही आठवड्यांनी झाला तर आधी धमनीचा संशय घ्यायचा, सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) करायचा आणि रेडिओलॉजिस्टकडून कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं टाकून ती धमनी आतून बंद करायची. ‘दुर्बिणीने बघू, लागलं तर स्टेंट ओढून काढू’ हे ऐकलं की डोकं फिरतं, कारण कधीकधी त्या स्टेंटनेच धमनीचं भोक दाबून धरलेलं असतं.

ताप आला तर लॅम्सच्या तोंडात मेलेल्या टिश्यूचा गोळा अडकलाय का ते बघा, नुसती अँटिबायोटिक बदलत बसू नका. स्टेंट सरकणं, भोक फाटणं हे दोन्हीत होऊ शकतं, त्यावर वेगळं काही सांगण्यासारखं नाही.

माझं मत विचाराल तर नितळ पाण्याच्या स्युडोसिस्टला प्लास्टिक पुरेसा आहे. लॅम्स तिथं, जिथं तुकडे काढायला दुर्बीण पुन्हा पुन्हा आत घालावी लागणार. आणि डिस्चार्ज कार्डावर ‘स्टेंट इन सिटू’ (स्टेंट आत आहे) एवढंच लिहिणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. कुठला स्टेंट, कुठे, कधी टाकला, कुठल्या तारखेपर्यंत काढायचा, चार शब्द जास्त लिहायला काय जातं?

याची दुसरी बाजूही आहे. स्वादुपिंडाची नळी मध्येच तुटलेली असेल तर पलीकडच्या भागाचा रस येतच राहतो, म्हणून लॅम्स काढून त्याच वाटेत प्लास्टिकचे स्टेंट मुद्दाम ठेवतात, कधीकधी कित्येक वर्षं. मग कुणीतरी वेगळ्याच कारणाने सीटी करतं, रिपोर्टात जुना स्टेंट दिसतो, ‘विसरला वाटतं’ म्हणून काढून टाकतात आणि पाणी परत साठतं. काढायच्या आधी एमआरसीपी (या नळ्यांचा एमआरआय) करून नळीची अवस्था बघा, आणि ज्याने टाकला त्याला एक फोन करा.