निमोकडून निवटीकडे

ठाण्यात फिशटँकच्या दुकानासमोर कुठलंही लहान मूल उभं करा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा दिसला की ते ‘निमो!’ म्हणून ओरडणारच. माशाचं खरं नाव क्लाउनफिश. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या अ‍ॅनिमेशनपटाने तो घराघरांत पोचवला. मुलांच्या मनात आधीच असलेली ही ओळख विज्ञान शिकवायला वापरावी का? माझं उत्तर ‘जरूर’ असं आहे, पण एका अटीवर.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एप्कॉट उद्यानात १९८६ पासून एक प्रचंड मत्स्यालय आहे. पाणी दोन कोटी लिटरहून जास्त. २००७ मध्ये ते निमोच्या गोष्टीभोवती नव्या रूपात खुलं झालं. तिथल्या एका दालनात क्रश नावाचं पडद्यावरचं कासव समोर बसलेल्या मुलांशी चक्क गप्पा मारतं, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतं. यात आधी रेकॉर्ड केलेलं काही नसतं. नजरेआड बसलेला कलाकार कॅमेऱ्यातून मुलांना पाहतो, त्यांचं ऐकतो आणि बोलतो. संगणक त्याच क्षणी कासवाचं तोंड हलवतो. ओळखीचं कोणीतरी आपल्यालाच उत्तर देतंय म्हटल्यावर मूल कान टवकारतं.

ओळखीचा हा फायदा प्रयोगातही दिसला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २१ महिन्यांच्या मुलांना लहान-मोठे पेले एकात एक बसवण्याचा व्हिडिओ दाखवला. ते काम एल्मो या ओळखीच्या बाहुल्याने करून दाखवलं, तेव्हा मुलांना चांगलं जमलं. तेच काम अनोळखी पात्राने दाखवलं, तेव्हा तितकं जमलं नाही.

आता अट. २०१४ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राणी माणसांसारखे बोलतात, वागतात अशी गोष्ट ज्यांना वाचून दाखवली, ती मुलं त्या प्राण्यांविषयी खरी माहिती कमी शिकली आणि खऱ्या प्राण्यांतही माणसांसारखे गुण असतात असं जास्त मानू लागली. क्लाउनफिशचंच बघा. चित्रपटात आई गेल्यावर बाप पोराला सांभाळतो. समुद्रात एका सी अ‍ॅनिमोनच्या (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या) आसऱ्याला राहणाऱ्या गटात सर्वांत मोठी असते मादी. ती मेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो आणि उरलेल्या लहानांपैकी मोठा मासा नराची जागा घेतो! गोष्टीपेक्षा हे कितीतरी अद्भुत आहे, आणि नेमकं तेच गोष्टीत हरवतं. म्हणून पात्राने मुलाला काचेपर्यंत आणावं आणि तिथे गप्प बसावं.

नवी मुंबईत हे सहज करता येईल. ऐरोलीत वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि शेजारी ठाण्याची खाडी. २०१५ पासून ती फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. फ्लेमिंगो सगळ्यांना माहीत आहेत. मला मात्र नायक म्हणून निवटी हवी, म्हणजे चिखलात राहणारा मडस्किपर मासा.

ओहोटीला चिखलाकडे नीट बघा. बोटाएवढा, मातकट मासा छातीच्या परांवर जोर देत सरकतो, मध्येच उडी मारतो. डोळे डोक्यावर, बेडकासारखे वर आलेले. पाण्याबाहेर तो ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेतो, म्हणून अंग सुकू देत नाही. आणि हा मासा डोळे मिचकावतो! पापण्या नाहीत, तर डोळेच खाली खोबणीत ओढून घेतो. त्यात ते ओले होतात, पुसलेही जातात.

प्रवेशद्वाराशी निवटीचं कार्टून खुशाल गप्पा मारू दे. ‘मी डोळे कसे मिचकावते, शोधून दाखव,’ एवढं काम मुलांना देऊ दे. पुढे कांदळवनाच्या कडेला पडदा नको, आवाज नको. एक-दोन दुर्बिणी आणि लहान मुलांना उभं राहता येईल असा कठडा पुरे. आणि तिकीट खिडकीवर त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ मोठ्या अक्षरांत लिहावी, कारण भरतीला आलेल्या मुलांना हा चिखल दिसायचाच नाही.