१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

दोनाच्या ६४ व्या घातातून एक वजा केल्यावर येणारी वीस अंकी संख्या. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे प्रत्येक घरात दुप्पट दाणे ठेवत गेल्यास ६४ घरांत मिळून इतके दाणे होतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील (११५०) स्थाननामे परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी, थांबतात. त्यामुळे ही संख्या ‘१८४ परार्ध व वर काही’ अशीच वाचावी लागते.

दाण्यांच्या कथेचा उगम वादग्रस्त आहे. तीत राजा भारतीय असला, तरी जुने लेखी आधार अरबी आहेत. नवव्या शतकातील इतिहासकार अल्-याकूबीकडे ती आढळते, विद्वान अल्-बिरूनीने (सु. १०००) या संख्येचे गणित मांडले, चरित्रकार इब्न खल्लिकानच्या (तेरावे शतक) ग्रंथात खेळ शोधणाऱ्याचे नाव सिस्सा आहे. बाणाच्या हर्षचरितात चतुरंगाचा, म्हणजे बुद्धिबळाच्या पूर्वरूपाचा, उल्लेख येतो, दाण्यांचा येत नाही. त्यामुळे कथेला भारतीय मूळ देणारा पक्ष काहीसा दुबळा ठरतो. दुपटीच्या गणिताच्या रीतीचे तसे नाही. दोनाचा घात, घातांक अर्धा आणि संख्येचा वर्ग करत, काढण्याची युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रात (बहुधा इ. स. पू. तिसरे–दुसरे शतक) आहे. लीलावतीत पहिल्या दिवशी दोन कवड्या व पुढे रोज दुप्पट असे महिनाभराचे दान त्याच रीतीने २,१४,७४,८३,६४६ कवड्या भरते. चौसष्टाव्या घाताला सहा वर्ग पुरतात.

दाण्यांच्या या संख्येचे मूळ (अविभाज्य) अवयव ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ व ६७,००,४१७ हे होत. एकही अवयव दुबार येत नाही, म्हणून भाजकांची संख्या १२८. पहिल्या सहा फर्मा संख्यांचा (दोनाच्या १, २, ४, ८, १६, ३२ व्या घातांत एक मिळवून येणाऱ्या संख्यांचा) हा गुणाकार आहे. सहावी संख्या अविभाज्य नसून तिला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. संगणकाच्या ६४ द्विमान अंकांत (बिटांत) मावणारी ही सर्वांत मोठी बिनचिन्ह (ऋण-धन चिन्हासाठी जागा न ठेवलेली) संख्या.

ज्वारीचा दाणा सरासरी ३० मिलिग्रॅमचा धरल्यास एकूण वजन सुमारे ५५,००० कोटी टन होईल. जगात वर्षाला ज्वारी पिकते ती ६ कोटी टनांच्या आसपास.

विदर्भातील खेड्यांत मेट्रिक मापे येण्यापूर्वी धान्य पायलीने मोजत. पूर्वेकडील धानपट्ट्यात कुडव हे माप चाले. नावे व प्रमाणे ठिकठिकाणी बदलत, पण रूढ मराठी कोष्टक दुपटीचेच: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. म्हणजे मण २५६ चिपट्यांचा, दोनाचा आठवा घात. वीस मणांच्या खंडीपाशी ही साखळी तुटते. गंमत अशी की मणाला एक चिपटे कमी (२५५) व एक चिपटे जास्त (२५७) हे दोन्ही आकडे प्रस्तुत संख्येचे भाजक आहेत.